काळूराम भोपींचा दहावा माणूस

माझे सासरे काळूराम भोपी यांना आयुष्यात दोनच गोष्टींची धास्ती. एक माझ्या सासूबाई आणि दुसरी म्हणजे दहा हा आकडा.

सासूबाईंचं मी समजू शकते. दहाचं कारण असं, की फार वर्षांपूर्वी पनवेलच्या कुणा सल्लागाराने त्यांच्या कानात सांगितलं होतं, हाताखाली दहा बांधकाम कामगार झाले की कायदा लागतो, तेव्हा नवातच राहा, सुखात राहा. बाबांनी ते व्रतासारखं पाळलं. काम केवढंही असो, हजेरीच्या वहीत नऊ नावं. पाऊस तोंडावर आलाय, घरमालक डोक्यावर बसलाय, तरी नऊच. "धावा मानूस आला की त्याच्या मागनं सरकार आलं," असं ते म्हणायचे आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन तंबाखू मळायचे.

मी मनस्वी, त्यांची थोरली सून. माहेर जुन्या पनवेलात, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. लग्न होऊन कोन गावात आले तेव्हा बाबांनी पहिल्याच आठवड्यात विटांची पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "शिकल्याली सून हाय, कागदाचं तू बग." तेव्हापासून कागदाचं मी बघते. माझा नवरा प्रितेश बंदरात नोकरीला आहे, या गोष्टीत त्याचं काही काम नाही. तसं घरातही फारसं नसतं.

बाबा म्हणजे पेटी कंत्राटदार. मोठं काम मोठा कंत्राटदार घेणार, तो मधल्याला देणार आणि मधल्याने दिलं की बाबा प्रत्यक्षात भिंती उभ्या करणार. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कुठूनही गाडी जाऊ दे, बाबा काचेतून बोट दाखवतात, "ही बिल्डिंग माजी." बिल्डिंगवर नाव भलत्याचंच असतं. एकदा एका सोसायटीच्या वॉचमनने त्यांना फाटकातून आत सोडलं नव्हतं. त्या फाटकाचे खांबसुद्धा बाबांनीच बांधलेले. घरी येऊन त्यांनी हे हसत हसत सांगितलं, पण त्या दिवशी ते जेवले कमी.

म्हणून २०१३ साली नेरे गावाच्या अंगाला जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दोन खोल्यांचं टेंडर निघालं, तेव्हा बाबांनी ठरवलं की हे काम आपण स्वतःच्या नावावर भरायचं. मधला कुणी नको. अट एकच आडवी आली. बांधकाम कामगारांच्या कायद्याखाली मालक म्हणून सरकारदरबारी नोंदणी झाल्याचं सर्टिफिकेट जोडायचं होतं. सोमवारी दुपारी तीनपर्यंत.

फॉर्म घेऊन मी त्यांच्यासमोर बसले. आस्थापनेचं नाव, पत्ता, कामाचं स्वरूप सगळं लिहिलं. मग रकाना आला, कोणत्याही एका दिवशी कामावर असलेले जास्तीत जास्त कामगार.

"नऊ," बाबा छाती काढून म्हणाले.

"बाबा, ही नोंदणी दहापासून होते. नऊ असतील तर कायदाच लागू होत नाही, मग सर्टिफिकेट कशाचं देणार?"

बाबांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. पंधरा वर्षं ज्याला दारातून हाकललं, त्यालाच आता पाटावर बसवायची पाळी आली होती.

कामगार अधिकारी शुक्रवारी साइट बघायला येणार होते. माणसं आणि सोयी नीट दिसल्या, तर सोमवारी सकाळी सर्टिफिकेट हातात. नाहीतर त्यांची पुढची फेरी पंधरा दिवसांनी.

"एका दिवशी जरी दहा असले तरी चालतं," मी सुचवलं. "शुक्रवारी सकाळी मजूर नाक्यावरून एक माणूस आणू, वहीत नाव लिहू, मजुरी देऊ. झालं. त्यात खोटं काहीच नाही."

बाबांना ते पटेना. "नाक्यावरचा मानूस आज आपला, उद्या दुसऱ्याचा. सायबासमोर काय बोलंल नेम नाय. आपल्याला आपला मानूस पायजे."

मी डिप्लोमा केलाय, पण भावकीपुढे डिप्लोमा चालत नाही. त्याच संध्याकाळी बाबा त्यांच्या चुलतभावाकडे, बळीरामकाकांकडे जाऊन आले. "बळीराम येतंय बोलला. एक दिवस बिगारी म्हून उबा ऱ्हायचाय, त्याच्यात काय?"

बळीरामकाकांची जमीन हायवेला लागून होती. ती गेली, पैसा आला आणि तेव्हापासून काका जमिनीचे व्यवहार करतात. गळ्यात बोटाएवढी जाड साखळी असते. त्यांना बिगारी म्हणून उभं करणं हे गणपतीला उंदीर म्हणून बसवण्यासारखं होतं. मी तसं बोलले नाही. बोलायला हवं होतं.

काम कोनलाच रस्त्याच्या कडेला होतं, चार दुकानगाळ्यांचं. शुक्रवारी शेवटच्या गाळ्याचा स्लॅब टाकायचा होता. मी आदल्या दिवशी प्रथमोपचाराची पेटी आणली, पिण्याच्या पाण्याचं पिंप आणलं, हेल्मेटं आणली. पेटी उघडून बघितली तर बाबांनी त्यात आयोडेक्स, हळदीची पुडी आणि अंगारा ठेवला होता. अंगारा काढला, हळद राहू दिली.

शुक्रवारी सकाळी साडेआठला एक पांढरी स्कॉर्पिओ साइटवर येऊन उभी राहिली. एकाला बोलावलं होतं, उतरले सात. बळीरामकाका, त्यांचा मुलगा हरेश आणि आणखी पाच भाऊबंद. "एकटा कसा यनार?" काका म्हणाले. "काळूदादाचं काम म्हंजे आपलं काम." सगळ्यांच्या पायांत पांढरे बूट. मी हेल्मेट पुढे केलं तर हरेश दोन पावलं मागे सरला. त्याने केसांना जेल लावलं होतं. काकांना साखळी काढायला सांगितली. त्यांनी ती शर्टाच्या आत सारली, पण गळ्याशी ती उंच टेकडीसारखी उठून दिसतच होती.

दहाच्या सुमाराला अधिकारी स्कूटरवरून आले. दिनानाथ कुडतरकर, किडकिडीत माणूस, खांद्याला स्वतःची पाण्याची बाटली, डबाही स्वतःचा. बाबांनी नारळपाणी पुढे केलं. "मी घेत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी वही मागितली.

त्यांनी एकेक नाव वाचून माणूस समोर बोलावला. रामू गवंडी आणि बाकीचे आठ जण आले, नाव सांगितलं, परत वर चढले. मग राहिली भावकी, तिची नावं अजून वहीत चढायची होती. बळीरामकाका एव्हाना साहेबांसाठी आणलेल्या खुर्चीवर स्वतःच बसले होते.

"तुम्ही काय काम करता?" कुडतरकर साहेबांनी विचारलं.

"बिगारी," काका पाय हलवत म्हणाले.

"किती दिवसांपासून?"

"लहानपनापासून."

साहेबांनी काकांच्या बोटांतल्या अंगठ्या बघितल्या, बूट बघितले. पेन वहीवर टेकवलं. अजूनही निभावलं असतं. पण काकांना गप्प बसणं माहीत नाही. समोर सरकारी माणूस आणि हातात मोकळा वेळ. ते खुर्ची पुढे ओढून आपुलकीने म्हणाले, "सायेब, नेऱ्याला यक प्लॉट हाय. डोंगराच्या पायथ्याला, पान्याची सोय, फार्महाउस करा नायतर नुसता ठेवा. तुमच्यासाठी रेट मी बगतो."

मी कपाळाला हात लावला. वर रामू थापी हातात धरून फसकन हसला.

कुडतरकर साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "भोपी," ते बाबांना म्हणाले, "तुमचा बिगारी मला फार्महाउस विकतोय."

खोटं बोलणं बाबांना कधी जमलंच नाही. ते सरळ हात जोडून उभे राहिले. "सायेब, चुकलो. ही माजी भावकी हाय. माजी मानसं नऊच. पंदरा वर्सं नऊच ठेवली, लोकांचं ऐकून. आता माज्या नावावर शाळा बांदायची हाय म्हून..." इतक्या बिल्डिंगी बांधलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा उभा होता. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती, आणि दोन्हींत कीव जास्त होती.

"खोटी माणसं मी लिहिली तर उद्या तुमच्याबरोबर मीही अडकेन," साहेब म्हणाले. "नऊ दिसतात, नऊ लिहितो. नोंदणी होत नाही."

मी घड्याळ बघितलं. पावणेअकरा. नाका केव्हाच उठला होता.

तेवढ्यात पलीकडून हाक आली. "रामू! वर हसतंस काय? त्या कोपऱ्यात सळईखाली ठोकलं ठेवलं नायत. माल टाकाल नि सळई उगडी पडंल. उतर, घे, ठेव."

सासूबाई होत्या. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, हातात पाण्याचा पाइप, शेजारच्या गाळ्याच्या ताज्या प्लास्टरवर पाणी मारत होत्या आणि डोळे वर स्लॅबच्या जाळीवर. रामू तीस वर्षं अनुभव असलेला गवंडी, बाबांशीसुद्धा हुज्जत घालतो. तो एक शब्द न बोलता उतरला, सिमेंटचे ठोकळे उचलून वर गेला आणि सळईखाली बसवायला लागला.

कुडतरकर साहेब ते बघत होते. "या कोण?"

"ती?" बाबा गडबडीने म्हणाले. "ती माजी घरवाली. जेवनाचं बगायला आल्ये."

वरून रामू बोलला, आणि तो असं काही बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. "सायेब, नऊ मानसांत हे काम कसं उरकतं, तुमी इचारलंच नाय. सकाल-संद्याकाल पानी कोन मारतं? सिमेंटच्या गोन्या कोन मोजून घेतं? भिंत वलंब्यात नसली तर पाडायला कोन लावतं? आमी नऊ हाव, पन काम धाचं हाय."

नुसतं पाइपातून पाणी पडत होतं.

खरं सांगायचं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो फॉर्म मी भरला होता. रोज पहाटे सासूबाई चालत साइटवर जायच्या, मी त्यांना दारातून बघायचे, आणि 'एकूण कामगार' या रकान्यासमोर त्यांची आठवणसुद्धा मला झाली नव्हती.

"मजुरीवर आहेत का?" साहेबांनी विचारलं.

"घरची बाई मजुरीवर कशी?" बाबा म्हणाले.

"मग मोजता येत नाहीत. कामगार म्हणजे मोबदल्यावर काम करणारा. आजपासून मजुरीवर घेताय असं सांगा, वहीत लिहा, सह्या करा. आज दहा झाले, तर मी दहा लिहीन. हे खोटं नाही, काम मी डोळ्यांनी बघितलंय."

इतकं सोपं होतं. पण बाबा भावकीकडे बघत राहिले.

त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. सासूबाई गव्हाण गावच्या. लहानपणापासून आईबापांबरोबर मिठागरात राबलेल्या. लग्न झालं तेव्हा मिठाने त्यांच्या पायांना चिरा पडलेल्या होत्या, त्यातून चालताना रक्त यायचं. ते बघून बाबांनी लग्नाच्या मांडवातच भावकीला सांगितलं होतं, माझी बायको आता कुणाच्या मजुरीला जाणार नाही. नवऱ्याचा शब्द होता तो, प्रेमाने दिलेला. त्याचा त्यांना केवढा अभिमान! पुढे घराघरांत पैसा आला आणि भावकीत तो मानच होऊन बसला, की आमच्या घरच्या बाया कामाला जात नाहीत. आणि आता त्याच भावकीसमोर, सात जण पांढऱ्या बुटांत उभे असताना, बाबांना बोलायचं होतं की माझी बायको मजूर आहे.

"र्‍हाऊ दे काळूदादा," बळीरामकाका हळूच म्हणाले. "शाळेचं काम काय, दुसरं मिलंल. वयनीचं नाव मजुरीच्या वहीत कशाला?"

सासूबाईंनी पाइप खाली ठेवला, नळ बंद केला आणि हात पुसत पुढे आल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्या बाबांकडे बघत होत्या, दुसरीकडे कुठेच नाही.

"अवं, तुमी शब्द दिल्ता, म्हाईत हाय मना," त्या म्हणाल्या. "मिठागरात पाटी दुसऱ्याची व्हती, म्हून तुमी ती उतरवलीत. हितं मना कुनी पाटी दिली नाय. मीच उचल्ली. मना आवडतं म्हून उचल्ली. बावीस वर्सं तुमी लोकांना सांगताव, घरात असतंय. मंग ह्या भिंती काय आपोआप भिजल्या?"

बाबांनी डोकं खाजवलं, आकाशाकडे बघितलं, तंबाखूची डबी काढली आणि परत खिशात ठेवली. मग ते काकांकडे वळले. "बळीराम, तू आलास, उपकार झालं. पन आता कान उगडं ठेवून ऐक, नि घरी जाऊन सगल्यांना सांग." आणि साहेबांकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाले, "लिवा सायेब. गुणाबाई काळूराम भोपी. माज्याकडं कामाला हाय. बावीस वर्सं हाय, मी आज सांगतंय."

"हुद्दा? बिगारी लिहू?"

"बिगारी कशाला?" बाबा जवळजवळ ओरडले. "ज्याचं रामू ऐकतो त्याला बिगारी म्हनत नाय. मुकादम लिवा."

"मजुरी?"

"रामूयेवडी."

"रामूपेक्शा धा रुपयं जास्ती," सासूबाई म्हणाल्या. "मुकादम हाय मी."

कुडतरकर साहेब पहिल्यांदा हसले. वहीत त्यांच्यासमोर दहावं नाव पडलं. सासूबाईंना सही येते, चौथीपर्यंत शिकल्या आहेत, पण एवढ्या माणसांसमोर 'गुणाबाई'तला शेवटचा 'ई' चौकटीच्या बाहेर गेला. बाबांनी मालकाच्या रकान्यात सही केली. साहेबांनी प्रथमोपचाराची पेटी उघडली, हळदीची पुडी बघितली, पेटी बंद केली आणि मला सांगितलं, "सोमवारी दहा वाजता या. सर्टिफिकेट तयार ठेवतो."

ते गेले, आणि बाबा वाळूच्या ढिगावर मटकन बसले. मग त्यांना आणि मला एकदमच हसू फुटलं. भावकीही हसायला लागली. हरेशने तर हेल्मेट घातलं, केसांची काळजी सोडली आणि घमेल्यांच्या रांगेत उभा राहिला. बळीरामकाका बूट काढून अनवाणी माल चढवत होते. आपल्या माणसाचं काम म्हटल्यावर ती मंडळी खरंच राबतात, फक्त बिगारी म्हणून राबत नाहीत. दीडपर्यंत स्लॅब पडला.

आमच्याकडे स्लॅबच्या दिवशी मालकाकडून जेवण असतं, मटणाचा रस्सा आणि भात. पहिली पंगत कामगारांची, आणि मालकाने स्वतःच्या हाताने वाढायचं. घरच्या बायका सगळ्यांचं झालं की मग. दहा माणसांचं असो की पन्नासाचं, हे ठरलेलंच. ताडपत्रीच्या सावलीत नऊ जण ओळीने बसले आणि सासूबाई नेहमीसारख्या पातेल्याकडे निघाल्या. तेवढ्यात रामूने बाजूला सरकून जागा केली आणि आपल्या शेजारी जमिनीवर थाप मारली.

"मुकादम, हितं."

सासूबाई थबकल्या. त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी त्यांच्या हातातली पळी काढून घेतली आणि दहावी पत्रावळ मांडली.

त्या बसल्या. बाबांनी भात वाढला, वर रस्सा ओतला. वाफ निघत होती. सासूबाईंनी घास कालवला, बोटं भाजली म्हणून झटकन हात मागे घेतला, आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "बया! येवडा गरम असतंय व्हय? बावीस वर्सं मीच रांदतंय नि मना म्हाईतच नाय."

बाबा पळी धरून तिथेच उभे राहिले.

"अवं, उबं काय ऱ्हायलाव? रामूची पत्रावल रिकामी हाय," सासूबाई म्हणाल्या. बाबा पुढे सरकले.

कामगारांचं झालं, भावकीचं झालं, स्कॉर्पिओ गेली. शेवटी बाबा आणि मी उरलो. पातेल्याच्या तळाचा भात आम्ही दोघांनी वाढून घेतला. बाबांनी पहिला घास तोंडात घातला आणि थांबले.

"गार झालाय गो," ते म्हणाले.

"हो बाबा," मी म्हटलं, "शेवटी बसलं की तो असाच असतो."

त्यांनी मान हलवली आणि निमूटपणे सगळा भात संपवला.